माझ्या साळ्याचा मौनकाळ

माझ्या साळ्याइतकं मन लावून ऐकणारा माणूस अख्ख्या नागपुरात शोधून सापडायचा नाही, आणि त्याच्याइतका उत्तराला वेळ लावणारा माणूस कोणी शोधायला जाऊही नये. साळा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. आमच्याकडे हा शब्द नात्याला चालतो तसा शिवीलाही चालतो, आणि मी तो आयुष्यभर दोन्हीसाठी वापरला. तुम्ही त्याला विचारा, "काय गा, चहा घेतोस का?" तो मान डावीकडे झुकवणार, डोळे अर्धे मिटणार, तुमचा प्रश्न तोंडात घोळवणार, आणि 'हो' म्हणेपर्यंत चहावर साय धरलेली असणार. चहा त्याला नको असतो असं नाही. तुम्ही काय विचारलं यापेक्षा कसं विचारलं, यात तो अडकलेला असतो. कारण साहेब पीएच.डी. करत होते. विषय काय, तर माणूस आपली सोडून दुसरी भाषा कशी शिकतो आणि ती त्याला शिकवावी कशी. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हणालो, "यात संशोधन कसलं बापा? पोटाला चिमटा बसला की माणूस कोणतीही भाषा शिकतो!" त्यानं शांतपणे मोबाइल काढला आणि म्हणाला, "जिजाजी, पुन्हा एकदा म्हणा ना. रेकॉर्ड करून राहिलो." आता बोला! हे सगळं मी हसत हसत सांगतो आहे, पण हे हसू शेवटपर्यंत पुरायचं नाही, ते आधीच सांगून ठेवतो.

त्याच्या मोबाइलचं रेकॉर्डिंग लग्नाच्या पंगतीत सुरू असायचं, न्हाव्याच्या खुर्चीत असायचं, आणि माझ्या काकांच्या तेरवीलाही होतं. घरात रडारड चाललेली, आणि हा कोपऱ्यात जबलपूरच्या आमच्या काकूंपाशी कान लावून बसलेला. काकू जन्माच्या हिंदीवाल्या, लग्नानंतर मराठी शिकलेल्या. मी त्याला बाहेर ओढला आणि झापला, "लाज वाटते का काही?" तो म्हणाला, "जिजाजी, त्या मराठीत बोलून राहिल्या होत्या, पण रडणं आलं तशा हिंदीत गेल्या. दुःखात माणूस कोणत्या भाषेत जातो, ते पाहून राहिलो." मी कपाळावर हात मारून घेतला. दुसऱ्या वेळी धरमपेठेत मला एका ऑटोवाल्यानं उडवलं. साळ्याचं कॉलेज तिथून जवळ, म्हणून रस्त्यावर बसल्या बसल्या त्यालाच फोन लावला. "अरे, मले ऑटोनं उडवलं, पाय हालून नाही राहिला, लवकर ये!" पलीकडे सामसूम. मी मनातल्या मनात त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. मग आवाज आला, "जिजाजी, तुम्ही माझ्याशी नेहमी 'मला' म्हणता. आज 'मले' म्हटलं. म्हणजे जोरात लागलं. हलू नका, मी ॲम्ब्युलन्स घेऊनच येतो." आणि खरंच पायाचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. असा हा माणूस! डॉक्टरच्या आधी त्यानं माझ्या बोलण्यावरून फ्रॅक्चर ओळखलं.

त्याच्या प्रबंधाचा जीव होता मौनकाळात. मौनकाळ म्हणजे काय, हे मला त्यानं इतक्या वेळा समजावलं की आता मी व्हायवा देऊ शकतो. परक्या भाषेच्या मुलखात जाऊन पडलेला माणूस सुरुवातीला बोलतच नाही. नुसता ऐकतो. महिनोन् महिने ऐकतो. लोकांना वाटतं, मठ्ठ आहे, मुका आहे, घमेंडी आहे. पण आत भाषा मुरत असते. त्या काळात त्याला डिवचू नये, बोल बोल म्हणू नये. वेळ आली की तो आपोआप बोलतो. हे सिद्ध करायला साळा शहराच्या टोकाला, बेसाकडे जायचा. तिकडे नव्या नव्या फ्लॅट स्कीम उभ्या राहत होत्या, आणि त्यांच्यावर ओडिशा-आसामकडून आलेले चौकीदार होते. साळा त्यांच्याजवळ प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून राही. चौकीदार बोलत नसे कारण त्याचा मौनकाळ, आणि साळा बोलत नसे कारण चौकीदाराचा मौनकाळ मोडू नये. दोघं फाटकाकडे बघत बसत. शेवटी बिल्डरला संशय आला, हा दुसऱ्या पार्टीचा माणूस असावा म्हणून. "आप किसकी तरफ से हो?" असं त्यानं दरडावून विचारलं. साळ्यानं नेहमीप्रमाणे उत्तराला वेळ लावला, आणि तेवढ्यात बिल्डरच्या माणसांनी त्याला कॉलर धरून रस्त्यावर सोडला. तो परत आला ते आनंदातच. का, तर त्याला ओढून नेताना तो चौकीदार पहिल्यांदा हिंदीत बोलला होता, "छोड दो, अच्छा आदमी है."

याच्या जोडीला त्याची दुसरी श्रद्धा. चूक एकदा तोंडातून गेली की ती लोणच्यासारखी मुरते आणि मग कधीच निघत नाही, म्हणून पूर्ण तयारी झाल्याशिवाय तोंड उघडायचंच नाही. हे तो भाषेपुरतं ठेवता तर ठीक होतं. स्कूटर शिकायची होती तेव्हा हा उन्हाळाभर ती स्टँडवर लावून नुसता तिच्यावर बसला. अमरावतीला मुलगी पाहायला गेलो तेव्हा तिनं स्वतःच विचारलं, "तुम्हाला काही विचारायचं आहे का?" यानं मान डावीकडे झुकवली. आम्ही पोहे संपवले, निघालो, घरी आलो, महिना गेला. एके सकाळी हा माझ्याकडे येऊन म्हणाला, "जिजाजी, माझा होकार कळवा." मी टेबलावरची पत्रिका त्याच्या हातात दिली. त्याच मुलीच्या लग्नाची होती. तो लग्नाला गेला, आहेर केला, पोटभर जेवला आणि पुन्हा त्या विषयावर अक्षर बोलला नाही. प्रबंधाचंही तेच. गाईड मॅडम म्हणायच्या, "अहो, आता सादर करा, मी रिटायर व्हायला आले." हा म्हणायचा, "शेवटचं प्रकरण अजून मुरायचं आहे." पीएच.डी. नाही म्हणून नोकरी पक्की नाही, आणि नोकरी पक्की नाही म्हणून हा तासिका तत्त्वावर, म्हणजे जेवढे तास शिकवले तेवढाच पगार. केस पांढरे व्हायला लागले तरी कॉलेजच्या शिपायाला तो विद्यार्थीच वाटायचा.

हे खूळ त्याच्या डोक्यात आलं कुठून, ते मला फार उशिरा कळलं. माझ्या सासूबाई मूळच्या तेलुगू. सासरे वनखात्यात बाबू होते, तेलंगणाच्या सीमेवर सिरोंच्याकडे बदली झाली आणि तिथूनच बायको करून आणली. प्रताप नगरच्या घरात त्यांच्या सासूनं उंबऱ्यातच बजावलं होतं, "तुमचं ते यंडुगुंडू या घरात चालायचं नाही." नणंदा टपूनच होत्या, ही तोंड कधी उघडते आणि आपण कधी हसतो. सासूबाईंनी तोंडच उघडलं नाही. वर्षभर नाही. मुकी सून आणली असं गल्लीत झालं. आणि एके दिवशी पाटावर वाढता वाढता त्या सासूला म्हणाल्या, "आत्याबाई, भाजीत मीठ कमी वाटलं तर सांगा." स्वच्छ, सरळ, हसायला कुठे जागाच नाही. ही गोष्ट त्या साळ्याला लहानपणापासून अभिमानानं सांगत. "एक शब्द चुकीचा नाही बोलले रे मी!" पुढे त्या अशी नागपुरी बोलत की भाजीवाल्याशी घासाघीस करताना मीसुद्धा ऐकत उभा राहायचो. तेलुगू त्यांनी मुलांना शिकवलं नाही. ते फक्त कुकरच्या शिट्ट्या मोजताना ओठांतल्या ओठांत निघायचं. ओकटी, रेंडू, मूडू. माझ्या साळ्याचा सगळा प्रबंध म्हणजे त्याच्या आईचं ते पहिलं वर्ष होतं. त्यानं मला तसं कधी सांगितलं नाही, पण मी काही अगदीच दगड नाही.

मे महिन्यात, कूलरमध्ये पाणी टाकता टाकता सासूबाई कोसळल्या. लकवा. उजवी बाजू गेली. धंतोलीच्या दवाखान्यात डोळे उघडले आणि बोलायला लागल्या, तर सगळं तेलुगूत. मराठी पुसून गेलेली. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी, नंतरची भाषा जाते आणि आधीची राहते. परत येईल की नाही सांगता येत नाही. ज्याच्यावर साळ्यानं उभं तारुण्य घालवलं तो विषय त्याच्या आईच्या तोंडात येऊन बसला होता, आणि तिचा एक शब्द त्याला कळत नव्हता. त्यानं सवयीनं मोबाइल काढला. माझ्या बायकोनं तो हिसकावला आणि भिंतीवर फेकला. मग तो दवाखान्याच्या जिन्यात बसून असा रडला की मला त्याच्या पाठीवर हात ठेवायचंही सुचेना. घरी आणल्यावर तर अजून कठीण झालं. मराठी कानावर पडली की सासूबाई बिचकायच्या आणि डाव्या हातानं पदर डोक्यावर ओढून घ्यायच्या, नव्या नवरीसारख्या. त्या प्रताप नगरच्या घरात पुन्हा पहिल्या वर्षात जाऊन पडल्या होत्या. लेकीला त्या आपली धाकटी बहीण समजत. लेकाला काहीच समजत नसत. त्याच्याकडे बघून एकच शब्द विचारत, "तिन्नावा?" म्हणजे, जेवलास का?

साळा म्हणाला, "मी तेलुगू शिकतो. आईनं मला ओळखलं पाहिजे." आम्हाला वाटलं, चला, विद्या कामाला आली. पण बापा, त्यानं तेलुगू शिकायला घेतलं ते आपल्याच पद्धतीनं. आईच्या खाटेजवळ खुर्ची टाकली आणि मान झुकवून नुसता ऐकत बसला. जून गेला, जुलै गेला. इकडे माझ्या बायकोनं शेजारच्या स्कीममधल्या तेलुगू काकूंकडून चार-दोन शब्द उचलले आणि त्याच दिवशी फेकायला सुरुवात केली. "अम्मा वं, नीळ्ळु घे नीळ्ळु!" नीळ्ळु म्हणजे पाणी, बाकी सगळं नागपूर. सासूबाई खुदकन हसत आणि पाणी पीत. साळा कळवळून म्हणे, "ताई, काहून असं बोलतेस? चूक पक्की होऊन राहिली तुझी." ती म्हणे, "पाणी पोटात गेलं ना तिच्या? मग झालं." तो पुन्हा मान झुकवी. आणि खोटं कशाला बोलू, त्याला समजायला लागलं होतं. आई उशी मागे, हा उशी देई. खिडकी लावायला सांगे, हा लावी. पण तोंडानं शब्द नाही. "तिन्नावा?" असं आई दिवसातून किती वेळा विचारी, आणि हा नुसता तिच्याकडे बघे.

पोळ्याच्या सुमारास तेलुगू काकू भेटायला आल्या. सासूबाई त्यांच्याशी बराच वेळ बोलल्या. मधूनच साळ्याकडे हात करून काहीतरी म्हणाल्या, आणि काकूंनी पदर डोळ्याला लावला. मी विचारलं, काय म्हणाल्या? काकू सांगायला तयार होईनात. शेवटी म्हणाल्या, "त्या म्हणतात, हा पोरगा कोणाचा आहे कोणास ठाऊक. मुका आहे बिचारा. दिवसभर इथे बसून राहतो. त्याच्या आईनं त्याला असा कसा सोडला? त्याला आधी जेवायला वाढा." साळा तिथेच बसला होता. काकूंनी मराठीत सांगण्याच्या आधीच त्याला सगळं कळलं होतं, त्याचा चेहराच सांगत होता. तरी तो बोलला नाही. मी त्याला अंगणात ओढला. माझा तोल गेला, खरंच गेला. "बोल ना बेट्या! चुकलं त चुकलं! तुले मुका समजून राहिली ते माय! कोनाच्या बापाचं जाते तू चुकलास तं?" तो मग म्हणाला, "जिजाजी, या घरात सगळे तिच्या बोलण्याला हसायला टपलेले होते. ती वर्षभर गप्प राहिली, पण चुकीचं बोलली नाही. मी तिच्याशी तिच्याच भाषेत चुकीचं बोलू?" मी म्हणालो, "मग कधी बोलशील?" तो म्हणाला, "दसऱ्याला. वाक्य तयार करून राहिलो." वाक्य एवढंच होतं: आई, मी तुझा मुलगा, मी जेवलो, तू जेवलीस का?

दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात सासूबाईंना दुसरा झटका आला. या वेळी तेलुगूही गेलं. डोळे उघडे, श्वास चालू, बाकी काही नाही. डॉक्टर म्हणाले, आता बोलणं होणार नाही. ऐकू येतं की नाही, समजतं की नाही, छातीठोक सांगता येत नाही. दसऱ्याच्या सकाळी साळ्यानं अंघोळ केली, नवा सदरा घातला, आईच्या उजव्या हातात आपट्याचं पान ठेवलं आणि ते वाक्य म्हटलं. निर्दोष होतं म्हणे. दारात उभ्या असलेल्या तेलुगू काकूंनीच सांगितलं, आमच्या गावचा माणूस बोलावा तसं बोलला. सासूबाई छताकडे बघत होत्या. पान हातातून घसरून खाली पडलं. माझ्या बायकोनं ते उचललं आणि आत निघून गेली.

त्या दिवसापासून माझा साळा बोलायला लागला. आणि काय बोलायला लागला! सकाळी दूधवाला आला, ते आईला सांगायचं. कॉलेजात कोण काय म्हणालं, ते सांगायचं. आंघोळ घालताना, पेज भरवताना, कूस बदलताना, अखंड तेलुगू, आणि तेही असलं मोडकंतोडकं की काकू दारातूनच परत जायच्या. शब्द सापडला नाही की हिंदी घालायचा, हिंदी सापडली नाही की हातवारे करायचा, खाटेवरच्या त्या न हलणाऱ्या बाईपुढे. माझी बायको एकदा म्हणाली, "अरे, ते तसं नाही म्हणत." तो पेज ढवळता ढवळता म्हणाला, "चुकू दे, ताई." याच तोंडातून हे ऐकायला आम्ही अर्धं आयुष्य थांबलो होतो, आणि ऐकायला मिळालं ते आता. एका संध्याकाळी मी त्याला बाहेर विचारलं, "खरं सांग गा, त्यांना काही ऐकू येत असेल का?" एरवी अशा प्रश्नावर तो मला चार पुस्तकांची नावं सांगता. या वेळी म्हणाला, "गप्प असलेला माणूस सगळं ऐकत असतो, असं मीच लिहून ठेवलं आहे जिजाजी. आता ते खरं निघालं पाहिजे, बस." संक्रांतीच्या आत सासूबाई गेल्या. शेवटपर्यंत त्यांनी एक हुंकारही दिला नाही.

उन्हाळ्यात त्यानं प्रबंध सादर केला. शेवटचं प्रकरण मुरलं होतं की नाही मी विचारलं नाही. पुढे यथावकाश व्हायवा झाली, सगळ्यांसमोर व्हायची म्हणून आम्हीही मागच्या बाकावर जाऊन बसलो. बाहेरगावाहून आलेले परीक्षक गृहस्थ सज्जन होते. बरंच कौतुक करून त्यांनी विचारलं, "तुम्ही म्हणता, मौनात असलेला माणूस समजून घेत असतो. पण ज्याचं मौन कधी सुटलंच नाही, त्याला समजत होतं की नाही, हे तुम्ही कसं ठरवणार?" साळ्याची मान डावीकडे झुकली. माझ्या बायकोनं माझं मनगट घट्ट धरलं. गाईड मॅडम पाण्याचा ग्लास पुढे सरकवायला लागल्या. मग तो म्हणाला, "नाही ठरवता येत सर. असं एक माणूस मला माहीत आहे. मी खूप प्रयत्न केला. नाही ठरवता येत." परीक्षकांनी चष्मा काढून पुसला आणि पुढचं काही विचारलं नाही. संध्याकाळपर्यंत माझा साळा डॉक्टर झाला होता. नोकरी अजून तासिका तत्त्वावरच आहे, ते सोडा.

घरी आल्यावर तो आईच्या फोटोसमोर उभा राहिला आणि तेलुगूत काहीतरी बरंच बोलला. अर्थात चुकतमाकत. बोलून झाल्यावर गेला नाही. मान झुकवून तसाच उभा राहिला, बेसाच्या त्या चौकीदारापुढे बसायचा तसा. मला ते बघवेना, म्हणून मी उगाच पेपर उघडला. आत बायको पानं घेत होती. तिनं स्वयंपाकघरातूनच हाक मारली, अगदी सासूबाई मारायच्या तशी, "तिन्नावा?"

"इंका लेदु," तो म्हणाला. अजून नाही.

जन्मात पहिल्यांदा त्यानं विचारल्याबरोबर उत्तर दिलं होतं. त्याच्या स्वतःच्या ते लक्षात आलं आणि तो माझ्याकडे वळला. डोळे भरलेले होते. मी म्हणालो, "चल गा, जेवून घे." आम्ही तिघं जेवायला बसलो.